मुक्त प्रोग्रॅमचं मॅन्युअलही पुरतं मुक्त हवं

डेबियन हे लिनक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या वितरणांपैकी (तयार संचांपैकी) एक, आणि परवान्यांच्या बाबतीत फार काटेकोर. त्यावर ईमॅक्स हा एडिटर बसवला की प्रोग्रॅम लगेच चालू होतो; पण कंट्रोल-एच आणि पाठोपाठ आर दाबून त्याचं मॅन्युअल उघडायला जावं, तर ते सापडत नाही. मॅन्युअल वेगळ्या पॅकेजात आहे आणि ते पॅकेज डेबियनच्या मुख्य साठ्यात नाही, ‘नॉन-फ्री’ नावाच्या बाजूच्या विभागात आहे. सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल उघडायची, ‘मेन’च्या पुढे ‘नॉन-फ्री’ असं आपल्या हाताने लिहायचं, पॅकेजांची यादी ताजी करायची, मग ‘ईमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी’ (डीएफएसजी म्हणजे काय मुक्त मानायचं याची डेबियनची मार्गदर्शक तत्त्वं) उतरवून घ्यायचं. तेव्हा कुठे मॅन्युअल हाती लागतं.

हे मॅन्युअल कुणा नफेखोर कंपनीचं नाही. ते फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं आहे. म्हणजे ज्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘मुक्त सॉफ्टवेअर’ कशाला म्हणायचं हे जगाला शिकवलं, त्यांच्या संस्थेचं. त्यांच्याच मॅन्युअलवर डेबियनच्या स्वयंसेवकांनी ‘मुक्त नाही’ असा शेरा मारला आणि तो आजही कायम आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा घरातला भांडणतंटा वाटेल. मला तसं वाटत नाही. डेबियनने घेतलेली भूमिका बरोबर होती असं माझं ठाम मत आहे, आणि आपल्याकडे मराठीत सॉफ्टवेअरची माहिती लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तिच्यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं.

मॅन्युअलला मोकळीक कशासाठी हवी, याचं उत्तम उत्तर स्टॉलमन यांनीच देऊन ठेवलं आहे. प्रोग्रॅम बदलण्याचा हक्क असलेला माणूस प्रोग्रॅम बदलणारच. त्याने एखादा नवा पर्याय घातला, जुनी आज्ञा काढून टाकली, तर मॅन्युअलमधलं ते प्रकरणही त्याला बदलता आलं पाहिजे. नाहीतर प्रोग्रॅम एक सांगणार आणि मॅन्युअल दुसरंच. जबाबदार प्रोग्रॅमर दोन्ही एकाच वेळी बदलतो; परवाना त्याला तसं करू देत नसेल, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : चुकीचं मॅन्युअल सोबत द्यायचं किंवा सगळं पहिल्यापासून नव्याने लिहून काढायचं. हा युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण झाली ती तो अमलात आणताना.

मार्च 2000 मध्ये फाउंडेशनचं ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स हे मॅन्युअलांसाठीचं लायसन्स आलं (‘ग्नू’ हा स्टॉलमन यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प). मॅन्युअलची नक्कल करा, बदल करा, विका, सगळ्याला परवानगी. पण त्यात एक सोय ठेवली होती. लेखकाला मॅन्युअलचे काही भाग ‘अपरिवर्तनीय’ म्हणून जाहीर करता येतात. हे भाग तांत्रिक असता कामा नयेत. लेखकाची भूमिका, चळवळीची ओळख, असल्या दुय्यम विषयांपुरतेच असावेत. एकदा ते तसे जाहीर झाले की पुढे कुणालाही त्यात बदल करता येत नाही आणि ते वगळताही येत नाहीत. शिवाय मुखपृष्ठावर पाच शब्दांपर्यंत आणि मलपृष्ठावर पंचवीस शब्दांपर्यंतचा मजकूर सक्तीचा करता येतो. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘द ग्नू मॅनिफेस्टो’, ‘डिस्ट्रिब्यूशन’ आणि ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ (खुद्द प्रोग्रॅमचा परवाना) हे तीन भाग असे गोठवलेले आहेत.

यातला मॅनिफेस्टो 1985 सालचा. मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातला तो पायाचा दस्तऐवज आहे आणि प्रत्येकाने तो एकदा वाचावा असंच मी म्हणेन. पण वाचावासा वाटणं वेगळं आणि मानेवर बसवणं वेगळं.

समजा, एखाद्या पॉलिटेक्निकमधल्या शिक्षकाला ईमॅक्सच्या मॅन्युअलमधलं शोध आणि बदल यांवरचं प्रकरण घेऊन मुलांसाठी चार पानांचं टाचण करायचं आहे. त्या चार पानांना मॅनिफेस्टो, जनरल पब्लिक लायसन्स आणि खुद्द डॉक्युमेंटेशन लायसन्सचा मजकूर, असं सगळं जोडावं लागतं. मूळ टाचणाच्या कितीतरी पट मोठं शेपूट. आता समजा, कुणी ते मॅन्युअल मराठीत आणायला घेतलं. या परवान्याचं आठवं कलम भाषांतराबद्दल आहे आणि ते मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखं आहे. त्यात म्हटलंय, की अपरिवर्तनीय भागांच्या जागी त्यांचं भाषांतर घालायचं असेल तर मूळ हक्कधारकाची खास परवानगी लागेल. परवानगी नसेल तर भाषांतर जोडता येईल, पण मूळ मजकूर तसाच ठेवून. म्हणजे मराठी मॅन्युअलात इंग्रजी मॅनिफेस्टो जन्मभर राहणार. ज्याच्यासाठी भाषांतर केलं त्याला इंग्रजी येत नाही म्हणून तर ते केलं. आणि त्याच्याच हातात देण्याच्या पुस्तकात अशी पानं, जी त्याला वाचता येत नाहीत आणि आपल्याला काढता येत नाहीत.

फाउंडेशनचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे : गोठवलेले भाग तांत्रिक नसतात, त्यामुळे मॅन्युअलचा उपयोग जिथे होतो तिथे पूर्ण मोकळीक आहेच. हे उत्तर मला पटत नाही, कारण ते एका मॅन्युअलचा, एका पिढीचा आणि एका भाषेचा विचार करतं. मोकळ्या मजकुराचं वैशिष्ट्य हे की तो एकत्र होत जातो. एका मॅन्युअलमधलं प्रकरण दुसऱ्यात जातं, दोहोंचं मिळून तिसरं पुस्तक तयार होतं. प्रत्येकाने आपापला अपरिवर्तनीय भाग जोडला असेल, तर तिसऱ्या पुस्तकाला ते सगळे वाहून न्यावे लागतात. आणि ही साठत जाणारी अडचण स्टॉलमन यांना चांगली ठाऊक होती. बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या प्रणालीच्या जुन्या परवान्यात जाहिरातीचं एक कलम होतं : सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करा. इतरांनी विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली, आणि नेटबीएसडी या तिच्यातून निघालेल्या प्रणालीच्या 1997 च्या एका आवृत्तीत अशी 75 वाक्यं झाल्याचं स्टॉलमन यांनी स्वतः मोजून दाखवलं. त्यांनी हे कलम काढून टाकण्यासाठी पाठपुरावा केला आणि 1999 मध्ये बर्कलीने ते काढलं. फार चांगलं काम झालं ते. मग एका वाक्याची सक्ती जाचक वाटणाऱ्या माणसाने पुढच्याच वर्षी अख्ख्या प्रकरणांची सक्ती करू देणारा परवाना का आणावा?

त्याचं एक कारण व्यावहारिक होतं. पुस्तकं छापणाऱ्या व्यावसायिक प्रकाशकांनी मोकळी मॅन्युअलं काढावीत, त्यांना मुखपृष्ठावरच्या मजकुराचा तरी फायदा मिळावा, ही अपेक्षा होती. दुसरं कारण खोल आहे, आणि मी ते हलक्यात घेत नाही. माणसाचं मत ही त्याची स्वतःची गोष्ट आहे; मॅनिफेस्टोत कुणी फेरफार करून तो स्टॉलमन यांच्या नावावर खपवावा, हे कुणालाच मान्य होणार नाही. पण तो धोका टाळायला वेगळी साधनं आहेत. बदल केला असेल तर तसं नमूद करा, मूळ लेखकाचा पाठिंबा आहे असं भासवू नका, लेखकाने सांगितलं तर त्याचं नाव काढा, या अटी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने लेखकांसाठी तयार करून ठेवलेल्या परवान्यांत आहेत आणि त्यांनी कुणाची मोकळीक कमी होत नाही. भारतात तर कॉपीराइट कायद्याचं 57वं कलम आहे : लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली तर हक्क विकून टाकलेला लेखकसुद्धा दाद मागू शकतो. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे मत वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. निबंध निबंध म्हणून फिरू दे, त्याला ‘जसाच्या तसा’ हा परवाना लावा, माझी काही तक्रार नाही. तो मॅन्युअलच्या पोटात शिवून टाकला, की मग मॅन्युअलच हलत नाही.

प्रोग्रॅम आणि मॅन्युअल यांच्यामधली भिंत हा मुद्दा याहून कमी बोलला जातो, पण माझ्या लेखी तो जास्त गंभीर आहे. ईमॅक्समध्ये प्रत्येक आज्ञेची छोटी माहिती प्रोग्रॅमच्या आतच लिहिलेली असते. ती प्रोग्रॅमचा भाग, म्हणून जनरल पब्लिक लायसन्सखाली. मॅन्युअल डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली. हे दोन परवाने एकमेकांत मिसळत नाहीत, कुठल्याच दिशेने नाही. मॅन्युअलमधला चांगला परिच्छेद उचलून आज्ञेच्या माहितीत घालता येत नाही, आणि आज्ञेची माहिती मॅन्युअलात विस्ताराने लिहिता येत नाही. फाउंडेशनला हे जाणवत नाही, कारण दोन्हींचा कॉपीराइट त्यांच्याकडे लिहून दिलेला आहे. हक्कधारक स्वतःच्या मजकुराचं काहीही करू शकतो. जाच होतो तो उरलेल्या सगळ्यांना. मुक्त असण्याची खरी कसोटी हीच आहे, की मूळ मालक नाहीसा झाला, रुसला किंवा विकला गेला, तरी तिऱ्हाईत माणसाला तेवढंच काम करता यायला हवं जेवढं मालकाला येत होतं.

डेबियनने हा निर्णय एका रात्रीत घेतला नाही. काय मुक्त मानायचं याची त्यांची मार्गदर्शक तत्त्वं 1997 ची. ती प्रोग्रॅमपुरतीच आहेत की डिस्कवर जे जे जातं त्या सगळ्याला लागू आहेत, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. 2004 मध्ये त्यांनी आपल्या सामाजिक कराराची, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या वचननाम्याची, भाषाच बदलून घेतली, म्हणजे पळवाट उरली नाही. मार्च 2006 मध्ये मतदानाने ठरलं : ज्या मॅन्युअलात अपरिवर्तनीय भाग नाहीत ते मुख्य साठ्यात राहील, ज्यात आहेत ते जाणार. परवान्यात आणखी दोन कच्चे दुवे होते. वाचण्या-नकलण्याला आडकाठी करणारी तांत्रिक साधनं वापरू नका, असं एक कलम इतक्या ढिल्या भाषेत लिहिलं आहे की शब्दशः घेतलं तर कुलूपबंद डिस्कवर ठेवलेली प्रतही गुन्हा ठरावी. शंभराहून जास्त छापील प्रती काढल्या तर संगणकाला वाचता येणारी प्रत पुरवण्याची जबाबदारी हा दुसरा. डेबियनने या दोहोंकडे समंजसपणे पाहिलं आणि नेमका गोठवलेल्या भागांवर बोट ठेवलं. म्हणून तर मला तो निर्णय आवडतो. परवाना कुणाचा आहे हे न पाहता, वाचकाचे हात कुठे बांधले जातात एवढंच त्यांनी पाहिलं. ईमॅक्सबरोबर जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम, यांचीही मॅन्युअलं बाहेर गेली. स्वतःच्या रोजच्या हत्यारांची पुस्तकं दाराबाहेर ठेवायला धैर्य लागतं.

2022 मध्ये याच डेबियनने, वायफायसारख्या गोष्टी चालाव्यात म्हणून, बंदिस्त फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. तेव्हा काहींनी विचारलं, मग ईमॅक्सच्या मॅन्युअलने काय घोडं मारलं? प्रश्न रास्त आहे. पण फर्मवेअरविना नव्या लॅपटॉपचं वायफाय बहुतेकदा चालतच नाही, आणि ते आपल्याला लिहिता येत नाही. मॅन्युअलची गोष्ट वेगळी. तिथे अडसर फक्त हक्कधारकाच्या इच्छेचा आहे आणि तो एका ओळीने दूर होऊ शकतो.

विकिपीडियाचा अनुभवही इथे बोलका आहे. तिचा मजकूर पहिल्यापासून याच डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली होता. 1 मे 2003 रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचाही. गोठवलेले भाग तिथे नव्हते, तरी एका लेखाची छापील प्रत वाटायची तर सोबत परवान्याची पानं जोडायला हवीत, अशी स्थिती. पुस्तकासाठी बेतलेला कपडा ज्ञानकोशाला बसत नव्हता. नोव्हेंबर 2008 मध्ये परवान्याची 1.3 ही आवृत्ती आली, तिने ठराविक मुदतीपुरती परवाना बदलण्याची एक खिडकी उघडली आणि 15 जून 2009 पासून विकिपीडिया क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेयनिर्देश, समान वाटप’ (लेखकाचं नाव द्या आणि बदललेला मजकूर त्याच अटींवर वाटा) परवान्यावर गेली. त्या खिडकीची एक अट होती : मजकुरात अपरिवर्तनीय भाग आणि मुखपृष्ठावरचा सक्तीचा मजकूर नसावा. परवाना चुकला हे उमगल्यावर ज्यांना बाहेर पडता आलं, त्यांनी काहीच गोठवलेलं नव्हतं.

आपल्याकडे मात्र गोठवलेल्या भागांपेक्षा दुसराच आजार जास्त पसरला आहे. मराठीत कुणी कष्टाने एखादं मार्गदर्शक लिहितं आणि शेवटी ‘व्यावसायिक वापरास मनाई’ किंवा ‘बदल करण्यास मनाई’ असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना चिकटवतं. हेतू चांगला असतो, कुणी फुकट उचलून पैसे करू नयेत. पण संगणक शिकवणारे आपले बहुतेक वर्ग तालुक्याच्या गावी फी घेऊनच चालतात. झेरॉक्सवाला छपाईचे पैसे घेतो. व्यावसायिक वापर बंद केला की हे दोघेही बंद झाले, आणि शिकणाऱ्याच्या हाती पुस्तक पोचवणारे तेच होते. बदलांना मनाई केली की भाषांतरही बंद, कारण कायद्याच्या नजरेत भाषांतर हा बदलच. हे दोन्ही परवाने डेबियनलाही चालत नाहीत आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनलाही नाही. इथे दोघांचं एकमत आहे.

आणि भाषांतर म्हणजे इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी वाक्य, एवढंच कधीच नसतं. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात देवनागरी टंकायचं कसं हे सांगणारं पान घ्या. ‘ऱ्या’ हे अक्षर इन्स्क्रिप्ट कळफलकावर काढायचं तर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द मराठी माणसाला दर दोन ओळींनी लागतात. इंग्रजी मॅन्युअलात ते असणार नाही, हिंदीतून उचललं तरी असणार नाही. ते आपण नव्याने घालायचं. सोबत इंग्रजीतली शब्दलेखन तपासण्याची लांबलचक उदाहरणं काढायची, हजार-दशलक्षांच्या जागी लाख-कोटींचे आकडे आणायचे, चित्रं बदलायची. अर्धं पुस्तक कापून अर्धं नवं लिहिलं तर ते मराठी वाचकाच्या उपयोगाचं होतं. लिब्रेऑफिसची मार्गदर्शक पुस्तकं जनरल पब्लिक लायसन्स किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना, अशा दोन पर्यायांत मिळतात, आणि पीडीएफबरोबर ओडीटी, म्हणजे संपादन करता येणारी फाइलही मिळते. म्हणून हे सगळं करायला कुणाला विचारावं लागत नाही. त्या ओडीटीचं महत्त्व कमी लेखू नका. मोकळा परवाना असलेली पण नुसती पीडीएफ दिलेली पुस्तिका म्हणजे हक्क दिला आणि हत्यार दिलं नाही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने हे व्यवस्थित केलं आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येकाची संहिता दोन रकान्यांत : एकात वेळ, दुसऱ्यात निवेदन. परवाना ‘श्रेयनिर्देश, समान वाटप’. त्या रकान्यातलं निवेदन मराठीत उतरवून त्याच वेळेत बसवलं, की पडद्यावर तीच कृती आणि कानावर मराठी. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोश 2013 मध्ये याच परवान्याखाली खुला केला, तेव्हा त्यातला मजकूर कोकणी विकिपीडियासाठी वापरता येऊ लागला. सरकारी किंवा विद्यापीठाच्या पैशातून तयार झालेल्या प्रत्येक मराठी मार्गदर्शिकेला ही अट असायलाच हवी.

मोकळं सोडलं तर लिहिणाऱ्याने खायचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. पण डेबियनच्या प्रशासनावरचं राफाएल हर्टझॉग आणि रोलां मास यांचं पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये नेहमीच्या प्रकाशकाकडे निघालं होतं. त्याचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वाचकांकडून वर्गणी गोळा करून केलं आणि 2012 मध्ये दोन मुक्त परवान्यांखाली सोडलं. आज ते डेबियनच्या मुख्य साठ्यात आहे. पैसे आधी घ्या, मजकूर नंतर मोकळा करा, ही वाट आपल्याकडच्या दिवाळी अंकांना जाहिराती मिळवून देणाऱ्या मंडळींना अशक्य नाही.

उलट बाजूचं उदाहरण मायएस्क्यूएल या डेटाबेसचं. प्रोग्रॅम जनरल पब्लिक लायसन्सखाली (जीपीएल), पण मोठं मॅन्युअल कधीच नाही. ‘हे दस्तऐवज जीपीएलखाली नाहीत’ असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. त्यामुळे मारियाडीबी ही त्याची स्वतंत्र शाखा फुटून निघाली तेव्हा कोड सोबत नेता आला, ते मॅन्युअल नाही. 2013 मध्ये तर मायएस्क्यूएलच्या 5.5.31 आवृत्तीतल्या मॅन पानांचाही (आज्ञांची माहिती देणाऱ्या छोट्या पानांचाही) परवाना जीपीएलवरून बंदिस्त झालेला मारियाडीबीच्या लोकांना दिसला. मायएस्क्यूएलची मालक कंपनी ओरॅकलने सांगितलं, बांधणीच्या यंत्रणेत चूक झाली, आणि तो पूर्ववत केला. चूकच असेल. पण कोडच्या परवान्याला असा धक्का लागला असता तर तो पहिल्याच दिवशी लक्षात आला असता. मॅन्युअलच्या परवान्याकडे कुणी बघत नाही.

म्हणून माझा आग्रह असा. नवा प्रकल्प सुरू करत असाल तर मॅन्युअलला प्रोग्रॅमचाच परवाना लावा, म्हणजे दोघांत भिंत उभी राहत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस हेच करतो. वेगळा लावायचाच असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश किंवा श्रेयनिर्देश-समान वाटप, तोही 4.0 आवृत्तीचा; त्यातल्या समान वाटपाचा मजकूर 2015 पासून जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत नेता येतो, उलटा नाही. मॅन्युअलातले कोडचे नमुने कोडच्याच परवान्याखाली असल्याचं वेगळं लिहा, कारण लोक तेच सगळ्यांत आधी उचलतात. डॉक्युमेंटेशन लायसन्स वापरत असाल तर ‘अपरिवर्तनीय भाग नाहीत, मुखपृष्ठाचा व मलपृष्ठाचा सक्तीचा मजकूर नाही’ ही ओळ न विसरता घाला.

ईमॅक्सच्या मॅन्युअलसाठीही तीच ओळ पुरेशी आहे. कॉपीराइट पूर्णपणे फाउंडेशनकडे असल्यामुळे त्यांना कुणाची संमती गोळा करत फिरायचं नाही. पुढच्या आवृत्तीच्या परवान्याच्या परिच्छेदात तीन नावं खोडायची आणि मॅनिफेस्टो त्याच्या स्वतंत्र पानावर ठेवायचा. ईमॅक्सची नवी आवृत्ती दर काही काळाने निघते. यातली कुठलीही चालेल.